भरत्याचा वाटा

पुणे
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय जेसिंता मावशी,

पार्सल जड लागलं तर घाबरू नकोस. दगड नाहीत, माझी पुस्तकं आहेत. 'भरत्या'च्या सगळ्या चित्रकथा अखेर एका जागी छापून आल्या. तुला आठवतो ना भरत्या? शाळेत गणिताच्या वहीत मागच्या पानांवर काढायचो आणि तू वर्गातल्या बाई म्हणून पट्टी मारायचीस, तोच. भरती आली की अंगात दहा माणसांचं बळ, ओहोटी लागली की साधा माणूस, वाळूत बसून जाळं शिवणारा. आता तो रंगीत झालाय, त्याला निळा चकचकीत पोशाख आलाय, आणि इथे लोक त्याला विकत घेतात. माझा अजून विश्वास बसत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत शेवटच्या पानांवर वाचकांचे अभिप्राय छापायचे आहेत. प्रकाशक म्हणतो, पुण्यातले पुरे झाले. मला आपल्या वाडीतले हवेत. सगळ्यांना वाचायला दे आणि ते काय म्हणतात ते मला पत्राने कळव. फोनवर नको. फोनवर तू एक सांगायला घेतेस, मध्येच कोंबडी हाकलतेस आणि विषय तिथेच राहतो. जसं बोलतील तसं मालवणीतच लिही. शाळा सुटून तुला बरीच वर्षं झाली, तेव्हा शुद्ध करायला बसू नकोस.

एक प्रत पप्पांना दे. नुसती दे, काही बोलू नकोस. तीन वर्षं झाली, फोनवर आम्ही पाऊसपाणी आणि तब्येत सोडून काही बोललेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. काय बिनसलं ते मला कळलेलं नाही आणि ते सांगत नाहीत. खरं सांगू मावशी, मला एकच अभिप्राय हवाय. तो मी बाकीच्यांच्या आडून मागतोय.

तुझा
एल्रॉय

———

मालवण
२५ नोव्हेंबर

प्रिय एल्रॉय,

मी कोंबड्या हाकलते म्हणे! आणि तू काय करतोस? 'हं' आणि 'हं हं' यापलीकडे तुझ्या तोंडून शब्द निघतो का? बरं झालं पत्राचं काढलंस. निदान माझं पुरतं बोलून तरी होईल.

पुस्तक छान झालंय. मी दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, त्या पेन्सिलीने खूण करून ठेवल्यात, येशील तेव्हा दाखवीन. आता लोकांचं ऐक.

सुगंधा बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून आली आणि माझ्या पडवीत पाय पसरून अख्खं पुस्तक वाचून उठली. तिचं म्हणणं असं: "सगळा बरा आसा गो, पण ह्या मेल्याक कपडे कोणी शिवल्यान? दर्यात जाणारो माणूस इतक्या घट्ट घालता? खाऱ्या पाण्यान खाजवून खाजवून मरात तो. झगमगासुराक मारूची गरजच नाय."

झगमगासुरावरून आठवलं, तो राक्षस सगळ्यांना आवडला. रात्री समुद्रात दिवे पेटवून मासळीला भुलवतो आणि अख्खा दर्या उपसतो, असा एलईडी बोटींचा राक्षस आमच्या लोकांना ओळखायला वेळ लागतो होय? कट्ट्याचा नुरुद्दीन, ज्याच्या दुकानातून तू पहिली रंगपेटी आणलीस, तो म्हणतो, "तेका नुसतो बुडवलंस? निदान बोट तरी जप्त करूक होयी होती. आता तो दुसऱ्या बंदरात जावन परत तोच धंदो करतलो." हा माणूस दुकानात बसून फुकट गेला, त्याला फिशरीज खात्यात घ्यायला हवं होतं.

रॉविना आता कॉलेजात जाते. चर्चमध्ये गाते ती, लिओच्या घरची. तिने पुस्तक मिटलं आणि एवढंच विचारलं: "मावशी, भरत्या जेवता खंय? इतक्या पानांत एका पानार चूल नाय."

रापणीची मंडळी मात्र तुझ्यावर हसली. भरत्या एकटा रापण ओढतो ते मोठं चित्र आहे ना? त्यात दोर एकच! अरे, जाळं होडीतून अर्धगोल टाकतात, दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसं ओढतात. एकीकडूनच ओढलं तर मासळी दुसरीकडून हसत हसत निघून जाईल. तू रापणकाराचा पोर. लहानपणी काय दर्याकडे पाठ करून बसायचास?

तुझ्या पप्पांना प्रत दिली. फ्रिजवर ठेवलीय. जाळं शिवायचं काम निघालंय, सवड झाली की बघतो म्हणाला. बाबुशची सवड तुला माहीत आहेच.

थंडी सुरू झाली का तिकडे? स्वेटर घाल. शोभेला नाही आणलेला.

तुझी
जेसिंता मावशी

———

पुणे
३ डिसेंबर

प्रिय मावशी,

पत्र वाचताना एकटाच इतका हसलो की शेजारच्या खोलीतला मुलगा बघायला आला. सुगंधाचा अभिप्राय जसाच्या तसा छापणार. दुसरा दोर पानाबाहेर आहे, असं रापणवाल्यांना सांग. ऐकणार नाहीत, पण सांग.

रॉविनाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं भरत्याला काढतोय आणि तो कधी जेवलाच नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी स्वतः डब्याचं खातो. झाकण उघडायच्या आधी आत काय असेल ते सांगता येतं, आणि खाऊन झाल्यावर काय खाल्लं ते आठवत नाही. कधीकधी चित्र काढताना तोंडाला एकदम मासळीच्या आमटीतल्या तिरफळाची चव येते, मग मी काम टाकून उगाच बाहेर चक्कर मारून येतो.

एक विचारू? शेवटच्या पानाबद्दल कोणीच काही बोललं नाही. झगमगासुराला हरवून भरत्या रापण ओढतो, वाळूवर मासळीचे वाटे लागतात, त्याचाही लागतो, आणि तो म्हणतो, "मला नको, माझा वाटा तुम्हीच वाटून घ्या." मग पाठ फिरवून तो चालत जातो. इथे त्याच पानावर सगळ्यांच्या उड्या. एका वाचकाने तर लिहिलंय की त्या पानावर भरत्या खरा मोठा होतो. मीही ते पान सगळ्यात जीव लावून केलं होतं. तिथे ते कोणालाच का आवडलं नाही?

आणि पप्पांनी उघडलं का? भरत्याची मिशी बघितली असती तर त्यांना कळलं असतं. हनुवटीवरचा तो व्रणही मी घेतलाय, होडीची कड लागली होती तो. मावशी, लहानपणी मला खरंच वाटायचं की भरती पप्पांमुळे येते. ते उठून किनाऱ्यावर गेले की पाणी वाढायचं ना. हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही. मला ते सांगता येत नाही म्हणून मी पुस्तक काढलं.

त्यांनी वाचलं असं कळव, मग मी नाताळाचं तिकीट काढतो.

एल्रॉय

———

मालवण
१४ डिसेंबर

प्रिय एल्रॉय,

हे पत्र लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले. आता लिहूनच टाकते.

पुस्तक फ्रिजवर पडून आहे हे मी खोटं लिहिलं होतं. बाबुशने ते पहिल्याच दिवशी वाचलं. चष्मा लावून, दाराशी उजेडाला बसून, एकेक पान बोटाने धरून. मी कुंपणापलीकडून बघत होते. मिशी आणि व्रण बघून तो गालातल्या गालात हसला, आपल्या हनुवटीवरून हातही फिरवला त्याने. झगमगासुराच्या वेळी तर मांडीवर थाप मारली. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न! मग तो शेवटच्या पानावर आला. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मिशी माझी आसा, पण माणूस माझो न्हय."

बस, एवढंच. विचारलं तर उठून गेला.

तू म्हणालास जसं बोलतील तसं लिही, म्हणून लिहिलं. पण त्यावरून काही ठरवू नकोस. तुझा बाप शब्द मोजून बोलतो आणि नेमका चुकीचा मोजतो. तिकीट काढ आणि ये. मी नाताळच्या नेवऱ्यांचं सारण आजच करायला घेतलंय.

मावशी

———

पुणे
२० डिसेंबर

मावशी,

पत्र मिळालं.

इतकी वर्षं त्यांच्याकडे बघून मी एकच माणूस काढला आणि तो त्यांचा नाही. मग मी तरी कोण?

नाताळाला जमणार नाही. काम आहे असं सांग. नेवऱ्या रॉविनाकडे दे.

एल्रॉय

———

मालवण
६ जानेवारी २०२५

एल्रॉय,

शिरा पडो तुझ्या त्या कामावर! नाताळाच्या रात्री मिस्सा सुटल्यावर चर्चबाहेर सगळ्यांच्या घरची आलेली पोरं, कोणी मुंबईची, कोणी दुबईची. आणि तुझा बाप नवीन शर्ट घालून मध्ये उभा. जो येईल तो विचारतो, "एल्रॉय नाय इलो?" आणि हा सांगतो, "तेका काम आसा, मोठो आर्टिस्ट झालो तो." मला मेलीला ते बघवेना. घरी येऊन त्याने शर्ट काढून घडी करून ठेवला आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी मी पातेल्यातला डाव घेऊनच त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, बाबुश, आज तू सांगितल्याशिवाय मी हलायची नाही. माझी बहीण असती तर तिने कधीच बोलतं केलं असतं, ती नाही म्हणून तुम्ही दोघे बाप-लेक माजलात. तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

तीन वर्षांपूर्वी तू आला होतास, आठवतं? जायच्या दिवशी सकाळी रापण लागली होती आणि तू पँट वर करून दोराला हात घातलास. बाबुश सांगतो, त्या दिवशी त्याने आपल्या जागेवरून तुझ्याकडेच बघत दोर ओढला. बांगडा मिळाला. वाटे लागले. तुझाही लागला, त्याने स्वतः निवडून मोठे मोठे बांगडे तुझ्या वाट्यावर टाकले. आणि तू म्हणालास, "माका नको, तुमीच वाटून घेवा." आणि बॅग घेऊन बस पकडायला गेलास.

अरे बाबा, तू वाडीतला असून तुला हे कळू नये? दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. म्हाताऱ्याचा, पोराचा, वाटेने जाता जाता ओढून गेलेल्या पाहुण्याचासुद्धा. वाटा दिला म्हणजे, तू आमच्यातला. वाटा नको म्हणालास म्हणजे, मी तुमच्यातला नाही. सगळ्या रापणीसमोर तू ते बोललास आणि तुझा बाप तिथे उभा होता. सुगंधाने ते मासे उचलले तेव्हा त्याने मान वळवली म्हणतात. तेव्हापासून त्याने तुला काही विचारलं नाही. तो मला म्हणाला, "तेना तोडल्यान. मी ओढून कित्या धरू?"

आणि मग तू पुस्तक पाठवलंस. त्याची मिशी, त्याचा व्रण, आणि शेवटच्या पानावर तेच शब्द, रंगीत छापून! म्हणून वाडीत त्या पानाबद्दल कोणी बोलत नाही. सगळे त्या दिवशी तिथे होते. पुण्याच्या लोकांना त्यात त्याग दिसतो. आम्हाला पाठ दिसते.

तुझ्या मनात काय होतं ते तूच सांग. मला ऐकायचंय.

जेसिंता मावशी

———

पुणे
१५ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि तसाच उभा राहिलो.

माझ्या मनात काय होतं ते ऐक, आणि हसू नकोस. मी जिथे राहतो तिथल्या मालकीणबाईंची एकच अट होती. घरात मासळी आणायची नाही. वास आला तर त्याच दिवशी खोली खाली. माझ्यापुढे दुसरी खोली नव्हती, मी होकार दिला. त्या दिवशी पप्पांनी माझ्या वाट्यावर ते बांगडे टाकले तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं मावशी, आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, हे पुण्याला नेऊ कसे? सगळ्यांसमोर मी काय सांगणार होतो? बाबुशचा मुलगा आणि त्याला मासळीचा वास चालत नाही अशा घरात राहतो? मला लाज वाटली. म्हणून ऐटीत म्हणालो, तुम्हीच वाटून घ्या. मला वाटलं, त्यात माझा मोठेपणा दिसेल.

आणि मग ते मला खरंच मोठेपणाचं वाटायला लागलं. इतकं की शेवटच्या पानावर काढलं.

बसमध्ये बसलो तेव्हा हाताला दोराचा वास होता. पुण्यात उतरल्यावर हात धुतले आणि तो गेला. त्यानंतर या खोलीत तसला कुठलाच वास आलेला नाही. अशा खोलीत बसून मी दर्या काढतो. एकच दोर निघाला यात नवल काय? मी एकटाच ओढत होतो.

हे पप्पांना सांगू नकोस. आपला मुलगा वासाला घाबरून वाटा टाकून गेला, हे ऐकण्यापेक्षा त्यांना मी गर्विष्ठ वाटलेला परवडला.

एल्रॉय

———

मालवण
३० जानेवारी

प्रिय एल्रॉय,

सांगू नकोस म्हणालास, म्हणून सांगितलं नाही. वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, वर्गात धडा वाचावा तसं. चिडायचं असेल तर चीड.

बाबुश ऐकत होता. वासाचं आलं तेव्हा म्हणाला, "परत वाच." मी परत वाचलं. मग तो एकदम हसायला लागला. "वासाक भियालो मेलो! माझो झील, आणि वासाक भियालो! आणि मी तीन वर्सां..." तो रडला, एल्रॉय. मी उठून चुलीपाशी गेले, दूध उतू जात नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली. बरी लागली या वेळी, झगमगासुरांची कृपा, रात्री इकडे फिरकले नाहीत. वाटे घालायला बसले तेव्हा बाबुशने आपल्या शेजारी एक जास्तीचा वाटा लावला. सुगंधाने विचारलं, "ह्यो कोणाचो?" हा म्हणतो, "एल्रॉयचो." ती कंबरेवर हात ठेवून उभी. "त्येना दोर कधी धरल्यान?"

तर तुझा बाप काय म्हणाला माहीत आहे? "पुस्तक वाचलंस मां? अख्खी रापण ओढल्यान मेल्यान, ती पण एका दोरान! तेचो वाटो दुसरो कोण खायत?"

सगळा किनारा हसला. सुगंधाने स्वतःच्या पाटीतले दोन बांगडे त्या वाट्यावर टाकले आणि म्हणाली, "ह्ये तेचेच, तीन वर्सांमागचे." मग मात्र कोणी हसलं नाही.

ताजे पाठवता येत नाहीत म्हणून बाबुशने ते खारवले. मला हात लावू दिला नाही. उन्हात घालायचे, कावळे राखायचे, संध्याकाळी आत घ्यायचे, सगळं स्वतः. मी म्हटलं, अरे, त्याच्या मालकीणबाईंचं काय? म्हणाला, "ता तेना बघूचा. मी माझा काम केलंय." पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पार्सल दिलंय. चार कागदांत गुंडाळलंय, तरी ड्रायव्हर नाक वर करून बघत होता.

आणि हा तुला हवा होता तो अभिप्राय. सांगताना बाबुश उभा राहिला होता, मी जसाच्या तसा लिहिते:

"बुक बरा आसा. चित्रां बरी आसत. मिशी माझ्यापेक्षा बरी काढल्यान. भरत्याक सांग, वाटो घेवन जा. नाय घेतलंस तर लोकांका वाटता, तू परत येवचंस नाय."

मावशी

———

पुणे
१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी, आणि हे वाचून दाखवशील तेव्हा, प्रिय पप्पा,

वाटा पोचला.

ड्रायव्हर म्हणाला, रात्रभर गाडीतले लोक वास कसला म्हणून विचारत होते. मी रिक्षात मांडीवर पार्सल घेऊन बसलो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि विचारलं, "कोकणातले का?" मी हो म्हटलं. तीन वर्षांत इतक्या मोठ्याने मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

खोलीत आल्यावर दोन बांगडे तव्यावर टाकले. मालकीणबाईंनी दार वाजवलं. नाकाला पदर लावून उभ्या. "हे काय आहे?" मी म्हणालो, "माझा वाटा आहे. वडिलांनी पाठवलाय." "महिनाअखेर खोली बघा दुसरी," म्हणाल्या. जिना उतरता उतरता थांबल्या आणि म्हणाल्या, "आता केलंच आहेस तर पोटभर जेव." मग गेल्या.

शेवटचं पान नव्याने काढलंय, सोबत पाठवतो. दोर दोन आहेत, मोजून घ्या. दुसऱ्या दोरावर सुगंधा आहे, नुरुद्दीन आहे, रॉविना आहे, आणि मावशी, तू आहेस, डाव घेऊन. एका कोपऱ्यात चूल पेटलीय. भरत्या ओल्या वाळूत बसलाय आणि त्याने दोन्ही हात पुढे केलेत. वाटा घालणाऱ्याचे फक्त हात दिसतात. ते कोणाचे आहेत हे वाडीत कोणाला विचारावं लागणार नाही. तुमचा अभिप्राय पहिल्या पानावर जाईल पप्पा, मिशीसकट.

महिनाअखेर मी येतोय. नवी खोली मिळेपर्यंत तिथूनच काम करीन. मला दोराची जागा द्या, कुठल्याही टोकाला.

पत्र लिहितोय तोवर बांगडा संपला. भांडी घासून झाली. वास अजून तसाच आहे, उशीला, कपड्यांना, या कागदालासुद्धा, हुंगून बघा. खिडकी मी उघडलेली नाही.

तुमचा
एल्रॉय